बिस्मथ ढकलतं, लोह वळतं

१४ मार्च २००३ च्या 'सायन्स' या साप्ताहिकात चार पानांचा एक शोधनिबंध आला. त्याच्या लेखकांच्या लांबलचक यादीत दोन मराठी नावं आहेत: एस. बी. ओगले आणि यू. व्ही. वाघमारे. संपादकांनी मला दिलेला विषय होता 'विजेने चुंबकाची दिशा बदलणारे पदार्थ'. सुरुवात कुठून करावी हे सुचत नसताना या दोन नावांनी मला त्या निबंधापर्यंत नेलं. पुढे नावं मागे पडली आणि निबंधातला पदार्थच मनात ठाण मांडून बसला. बिस्मथ फेराइट. बिस्मथचा एक अणू, लोहाचा एक आणि ऑक्सिजनचे तीन, अशा जवळजवळ घनाकार चौकटी एकमेकींना लागून रचल्या की हा स्फटिक होतो. चौकटीची बाजू साधारण ०.४ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात अशा पंचवीस लाख चौकटी ओळीने मावतात.

या स्फटिकाला व्होल्टेज दिलं की त्याच्या आतली चुंबकीय मांडणी बदलते. त्यासाठी प्रवाह वाहत ठेवावा लागत नाही, आणि व्होल्टेज काढून घेतलं तरी बदललेली मांडणी तशीच राहते. असं करणारे पदार्थ मुळातच थोडे आहेत. आपल्या खोलीच्या तापमानाला असं करणारे तर बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांत ज्याच्यावर सगळ्यांत जास्त मेहनत झाली तो हा.

विजेने चुंबक तयार करणं यात नवल काय, असं कुणीही विचारेल. शाळेत खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून आपण तेच केलेलं असतं. पण तिथे चुंबकत्व येतं ते तारेतून वाहणाऱ्या प्रवाहामुळे. सेल काढला की टाचण्या गळून पडतात, आणि सेल जोडलेला असेपर्यंत तार तापत राहते. चुंबकीय मेमरीच्या चिपमध्येही आज हाच हिशेब आहे. तिथे एकेक बिट म्हणजे एक इवलंसं चुंबक, आणि त्याची दिशा उलटवायला त्यातून प्रवाह सोडावा लागतो. प्रवाह आला की उष्णता आली. एका बिटपुरती ती नगण्य असते, पण अब्जावधी बिट सेकंदाला अब्जावधी वेळा हलू लागले की विजेचं बिल आणि थंड करण्याचा खर्च दोन्ही त्यातूनच वाढतात. नुसत्या विद्युतक्षेत्राने, म्हणजे कपॅसिटर भरावा तसं दोन पत्र्यांमध्ये व्होल्टेज देऊन, चुंबक वळवता आलं तर या उष्णतेचा मोठा भाग वाचेल. हा मोह जुना आहे.

इतिहास भरभर सांगते. १८२० साली ऑर्स्टेडने प्रवाहाच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलताना पाहिली आणि वीज व चुंबक यांचं नातं उघड झालं. १८९४ साली पिअर क्युरीने स्फटिकांच्या सममितीचा विचार करताना सुचवलं की काही स्फटिकांत विद्युतक्षेत्राने थेट चुंबकत्व निर्माण होऊ शकेल. त्यावर साठेक वर्षं फारसं काही घडलं नाही. मग मॉस्कोत लान्दाऊ आणि लिफ्शित्झ यांनी ही शक्यता आपल्या पाठ्यपुस्तकात नोंदवली, १९५९ साली झ्यालोशिन्स्कीने क्रोमियम ऑक्साइड या पदार्थाचं नाव घेऊन भाकीत केलं आणि १९६० साली अस्त्रोव्हने तो परिणाम मोजून दाखवला. परिणाम खरा होता, पण अतिशय क्षीण. शिवाय क्रोमियम ऑक्साइडची चुंबकीय शिस्त साधारण ३४ अंश सेल्सिअसला मोडते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी सावलीतलाही पारा त्याच्या वर असतो. अमेरिकेतल्या नेब्रास्कात पुढे क्रोमियम ऑक्साइडमध्ये बोरॉन मिसळून ही मर्यादा शंभर अंशांच्या पलीकडे नेली गेली, पण ती या शतकातली गोष्ट.

लेनिनग्राडमध्ये स्मोलेन्स्की आणि त्यांचे सहकारी असे पदार्थ एकामागून एक बनवत होते, आणि त्यांच्या यादीत बिस्मथ फेराइटही होतं. १९६६ साली जिनिव्हात हान्स श्मिड यांच्या गटाने निकेल-आयोडीन बोरासाइटमध्ये वीज आणि चुंबक हातात हात घालून वळताना दाखवले, पण उणे २०९ अंशांच्या खाली. त्यानंतर विषय थंडावला. २००० साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बाराला काम करणाऱ्या निकोला हिल यांनी, म्हणजे पुढच्या निकोला स्पाल्डिन यांनी, एका निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला: चुंबकीय फेरोइलेक्ट्रिक पदार्थ इतके कमी का?

फेरोइलेक्ट्रिक म्हणजे असा पदार्थ ज्याच्या प्रत्येक चौकटीत धन आणि ऋण भारांची केंद्रं एकमेकांपासून सरकलेली असतात, यालाच ध्रुवीकरण म्हणतात, आणि बाहेरून व्होल्टेज देऊन हे सरकणं उलट दिशेला नेता येतं. बेरियम टायटनेट हे नेहमीचं उदाहरण. त्यात टायटॅनियमचा अणू चौकटीच्या मध्यापासून थोडा ढळलेला असतो. ढळतो कारण त्याचं 'डी' कवच रिकामं असतं, आणि रिकाम्या कवचामुळे शेजारच्या ऑक्सिजनशी जवळीक साधणं त्याला फायद्याचं पडतं. चुंबकत्वाला याच्या बरोबर उलट गोष्ट लागते. तिथे 'डी' कवचात एकेकटे इलेक्ट्रॉन हवेत. मध्यावर बसलेल्या एकाच अणूकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की दोन्ही अटी एकमेकींना काट मारतात. हिल यांच्या उत्तराचा गाभा हाच होता, आणि त्यातून सुटकेची वाटही दिसत होती: कामं दोन अणूंना वाटून द्या.

बिस्मथ फेराइटमध्ये ती आधीच वाटलेली आहेत. चुंबकत्व लोहाकडे. त्याच्या 'डी' कवचात पाच इलेक्ट्रॉन, पाचही एकाच दिशेने फिरणारे, त्यामुळे लोह मध्यावरून हलायला राजी नाही. ढळण्याचं काम बिस्मथकडे. त्याच्या बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉनांची एक जोडी असते जी कुठल्याच बंधात अडकत नाही. ती एका बाजूला जागा अडवते आणि बिस्मथला दुसऱ्या बाजूला ढकलते. हे ढकलणं चौकटीच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या कर्णावर होतं. बिस्मथ एका दिशेने सरकलं की लोह आणि ऑक्सिजन त्याच्या मानाने उलट बाजूला राहतात, आणि ऑक्सिजनचे सहा अणू लोहाभोवती जो अष्टफलक पिंजरा करतात तो त्याच कर्णाभोवती किंचित पिळला जातो. शेजारचा पिंजरा उलट दिशेने पिळतो. हा पीळ लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं.

आणि तापमान? विद्युत शिस्त साधारण ८३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, चुंबकीय शिस्त ३७० अंशांपर्यंत. बाकीचे अनेक पदार्थ द्रव नायट्रोजनच्या थंडीतही तग धरत नाहीत, हे आठवलं की या आकड्यांचं मोल कळतं.

मग एवढा गुणी पदार्थ १९६० च्या दशकापासून माहीत असूनही चाळीस वर्षं पडून का राहिला? कारण तो गळका होता. फेरोइलेक्ट्रिक पदार्थ विद्युतरोधक असावा लागतो, नाही तर व्होल्टेज देताच त्यातून प्रवाह वाहतो आणि क्षेत्र आत टिकतच नाही. भट्टीत बनवलेल्या बिस्मथ फेराइटमध्ये ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा असत आणि बिस्मथ व लोहाची नको असलेली इतर ऑक्साइडंही मिसळलेली असत. १९७० साली एका स्फटिकावर मोजलेलं ध्रुवीकरण होतं प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ६ मायक्रोकूलॉम. फारच सामान्य.

२००३ च्या निबंधाने हा आकडा एकदम पन्नास-साठवर नेला. काम झालं होतं मेरीलँड विद्यापीठात, आर. रमेश यांच्या गटात. त्यांनी स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या स्फटिकावर बिस्मथ फेराइटचा काहीशे नॅनोमीटरपर्यंत जाडीचा थर चढवला, खालच्या स्फटिकाच्या अणुरचनेशी जुळवून घेत. हा थर चढवण्याची रीत मला प्रत्यक्ष पाहायची होती, आणि एका प्रयोगशाळेत ती पाहायला मिळाली.

खोलीच्या मध्यभागी स्टीलचा एक गोल चेंबर, त्याला जाड काचेच्या खिडक्या. आत एका बाजूला बिस्मथ फेराइटची दाबून भाजलेली चकती. तिला 'टार्गेट' म्हणतात. समोर तापवलेल्या पट्टीवर चिकटवलेला स्फटिकाचा छोटासा चौकोन, तो 'सबस्ट्रेट'. तापमान ७०० अंशांच्या आसपास. चेंबरमधली हवा उपसून तिथे थोडासाच ऑक्सिजन सोडलेला. मग क्रिप्टॉन-फ्लोराइड लेसरचा डोळ्यांना न दिसणारा अतिनील स्पंद, २४८ नॅनोमीटर लांबीच्या लहरीचा, साधारण वीस नॅनोसेकंद टिकणारा, टार्गेटवर आदळतो आणि तिथला पदार्थ क्षणात प्लाझ्मा होऊन समोर झेपावतो. काचेतून दिसतो तो निळसर उजेडाचा झोत. त्याला सगळे 'प्लूम' म्हणतात. स्पंदामागून स्पंद, प्लूममागून प्लूम. यंत्र चालवणाऱ्या संशोधक विद्यार्थिनीचं लक्ष उजेडाकडे कमी आणि तापमान व ऑक्सिजनच्या दाबाच्या आकड्यांकडे जास्त होतं. मला ते आधी समजेना, मग तिने कारण सांगितलं आणि मी पण आकड्यांकडेच पाहू लागले.

कारण बिस्मथ पळतं. शुद्ध बिस्मथ २७१ अंशांनाच वितळतं, आणि सातशे अंशांच्या पृष्ठभागावरून ते सहज उडून जातं. म्हणून टार्गेटमध्ये मुद्दाम जास्तीचं बिस्मथ घालतात, बहुतेकदा दहा टक्क्यांच्या आसपास. दाब थोडा कमी झाला किंवा तापमान थोडं चढलं तर बिस्मथ घटतं आणि थरात लोहाच्या ऑक्साइडचे कण तयार होतात. उलट झालं तर बिस्मथचं ऑक्साइड उरतं. योग्य पट्टा फार अरुंद आहे, आणि प्रत्येक यंत्रावर तो वेगळा शोधावा लागतो. एका प्रयोगशाळेची पाककृती दुसरीकडे जशीच्या तशी चालत नाही. त्या विद्यार्थिनीची वही अशा आकड्यांनी भरलेली होती. संशोधनाचा हा भाग निबंधात एका ओळीत येतो, पण वर्षं खातो ती हीच ओळ.

ही लेसरची रीत १९८७ साली अमेरिकेतल्या बेलकोर प्रयोगशाळेत टी. वेंकटेसन यांच्या गटाने अतिवाहकांचे थर बनवून नावारूपाला आणली. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातून 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये एक निबंध गेला होता, पाण्याखाली ठेवलेल्या लोखंडावर लेसरचा स्पंद मारून त्याचं ऑक्साइड बनवण्याबद्दलचा. ओगले त्या गटात होते. पुढे ते मेरीलँडला गेले, परत येऊन राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि नंतर पुण्याच्या आयसरमध्ये रमले. वाघमारे आयआयटी मुंबईतून येलला जाऊन आता बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात असतात. त्यांचं काम यंत्रावरचं नाही. पदार्थाचे गुण क्वांटम यांत्रिकीच्या समीकरणांतून काढायचे, कुठलाही मोजलेला आकडा उसना न घेता, हे त्यांचं क्षेत्र.

आणि या प्रकरणात त्या गणिताने मोठं काम केलं. २००३ च्या निबंधात दोन दावे होते: मोठं विद्युत ध्रुवीकरण आणि त्याच थरात बऱ्यापैकी मोठं चुंबकन, म्हणजे बाहेर जाणवणारं चुंबकत्व. पहिल्याचं श्रेय थराला खालच्या स्फटिकामुळे बसलेल्या ताणाला दिलं होतं. २००५ साली नीटन, एडेरर, वाघमारे, स्पाल्डिन आणि रेब यांनी गणित करून दाखवलं की ताण नसलेल्या बिस्मथ फेराइटमध्येही ध्रुवीकरण प्रति चौरस सेंटिमीटर ९५ मायक्रोकूलॉमच्या आसपासच असायला हवं. म्हणजे पदार्थ मुळातच एवढा समर्थ होता. दोन वर्षांनी फ्रान्समधल्या साक्ले इथे स्वच्छ, न गळणारे मोठे स्फटिक वाढवले गेले आणि मोजमाप शंभराच्या जवळ आलं. चाळीस वर्षं पदार्थाला नावं ठेवली गेली ती खरं तर त्यातल्या अशुद्धीला होती.

दुसरा दावा मात्र टिकला नाही. २००५ साली केंब्रिजच्या गटाने 'सायन्स'मध्येच लिहिलं की तसं मोठं चुंबकन आमच्या थरांत सापडत नाही. फ्रेंच गटांनीही दाखवलं की बिस्मथ कमी पडलेल्या थरात लोहाच्या ऑक्साइडचे कण राहतात, आणि ते कण स्वतःच चुंबकीय असतात. या वादाबद्दल मला आदर वाटतो. एका अत्यंत गाजलेल्या निबंधातला अर्धा भाग जाहीरपणे तपासला गेला, बाजूला ठेवला गेला, आणि उरलेल्या अर्ध्यावर पुढचं सगळं क्षेत्र उभं राहिलं.

शुद्ध बिस्मथ फेराइट बाहेरून जवळजवळ चुंबक नसतंच. प्रत्येक लोहाचा चुंबकीय बाण शेजाऱ्याच्या उलट असतो आणि बेरीज शून्याच्या जवळ जाते. अशा पदार्थाला अँटिफेरोमॅग्नेट म्हणतात. त्यातही एक गुंतागुंत आहे, जी सोस्नोव्स्का आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली न्यूट्रॉनांच्या मदतीने शोधली. एका ठरावीक दिशेने स्फटिकात चालत गेलं तर हे बाण हळूहळू उभ्या पातळीत कलत जातात आणि ६२ नॅनोमीटरवर एक फेरा पुरा करतात. रस्त्याने जाणाऱ्या बैलगाडीच्या चाकाची एकच आरी रंगवली तर ती जशी पुढे सरकता सरकता फिरत राहील, तशी ही रचना आहे. ऑक्सिजनच्या पिंजऱ्यांच्या पिळामुळे बाण पूर्णपणे उलटे न राहता किंचित एका बाजूला झुकतात आणि त्यातून अगदी बारीक चुंबकन उरतं. पण हा फेरा ते बारीक चुंबकनही सरासरीत पुसून टाकतो. पातळ थरात ताण दिला की फेरा मोडता येतो आणि झुकाव शिल्लक राहतो.

हा फेरा प्रत्यक्ष पाहायला २०१७ उजाडावं लागलं. फ्रान्समध्ये व्हॅन्सां जाक यांच्या गटाने हिऱ्याच्या एका अतिसूक्ष्म टोकात कार्बनऐवजी नायट्रोजनचा एक अणू आणि त्याच्या शेजारी एक रिकामी जागा असलेला दोष वापरला. त्या एकट्या दोषाचा प्रकाश जवळच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे बदलतो. हे टोक थराच्या अगदी वरून फिरवत त्यांनी चित्र काढलं, आणि त्यात चुंबकीय लाटा एकीमागून एक ओळीने उमटल्या. मग व्होल्टेज देऊन ध्रुवीकरण वळवलं, तर लाटांची दिशाही वळली. मी हे चित्र पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ज्या गोष्टीचा क्युरीने सममितीच्या आधारे केवळ तर्क केला होता, ती इथे डोळ्यांसमोर पट्ट्यापट्ट्यांनी दिसते.

आता ज्या यंत्रणेने मला खरं झपाटलं तिच्याकडे येते. घनाला चार कर्ण, प्रत्येक कर्णावर दोन दिशा, म्हणून ध्रुवीकरणाला आठ दिशा मोकळ्या आहेत. एकीवरून दुसरीवर जाताना ते ७१ अंश, १०९ अंश किंवा १८० अंश वळू शकतं. लोहाचे बाण कर्णाला काटकोनात असलेल्या पातळीत राहणं पसंत करतात. म्हणून ध्रुवीकरण ७१ किंवा १०९ अंश वळलं की कर्ण बदलतो, पातळी बदलते आणि बाणांनाही वळावं लागतं. हे २००६ साली रमेश यांच्या गटाने, तोवर ते बर्कलेला आले होते, तिथल्या सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी दाखवलं. पण १८० अंशांत कर्ण तोच राहतो, पातळीही तीच. बाणांना हलायचं कारणच उरत नाही. आणि मेमरीला लागतं ते नेमकं हेच, पूर्ण उलटणं. त्यातून २००५ साली एडेरर आणि स्पाल्डिन यांनी दाखवलं होतं की बारीक चुंबकनाची दिशा थेट ध्रुवीकरणाशी बांधलेली नाही, ती पिंजऱ्यांच्या पिळाशी बांधलेली आहे. ध्रुवीकरण सरळ उलटवलं आणि पीळ तसाच राहिला, तर चुंबकन जागचं हलणार नाही. दार बंद झाल्यासारखं वाटत होतं.

२०१४ साली 'नेचर'मध्ये जॉन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्फटिक सरळ वाटेने जातच नाही. डिस्प्रोशियम स्कँडेटवर वाढवलेल्या थरात व्होल्टेज उलटवलं की ध्रुवीकरण दोन टप्प्यांत वळतं: एक टप्पा ७१ अंशांचा, दुसरा १०९ अंशांचा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीची बेरीज १८० अंशच दिसते. होर्खे इन्यिगेझ यांच्या गणितानेही तेच सांगितलं. सरळ उलटायचं तर वाटेत एका क्षणी बिस्मथला अगदी मध्यावर यावं लागतं, ध्रुवीकरण शून्य होतं, आणि तो चढ ऊर्जेच्या दृष्टीने उंच आहे. दोन टप्प्यांच्या वाटेत ध्रुवीकरण कधीच संपत नाही, फक्त दिशा बदलतं. आणि या वाटेने जाताना पिंजरे मागे राहू शकत नाहीत. कर्ण बदलला की पिळाचा अक्षही बदलतो, तो दोनदा बदलतो, आणि शेवटी पीळ उलटलेला सापडतो. पीळ उलटला की झुकाव उलटतो. बिस्मथने ढकललं, पिंजरा पिळला, लोह वळलं.

त्यांनी या थरावर कोबाल्ट-लोहाचा एक अतिपातळ थर दिला होता. तो खरं चुंबक. खालच्या बारीक झुकावाला तो चिकटून राहतो, आणि झुकाव उलटला की तोही उलटतो. खोलीच्या तापमानाला, बाहेरून कुठलंही चुंबकीय क्षेत्र न देता, फक्त व्होल्टेजने चुंबक १८० अंश फिरलं. लागलेली ऊर्जा प्रवाहाने चुंबक उलटवण्याच्या ऊर्जेपेक्षा साधारण दहापट कमी होती. आडवळणाची वाटच उपयोगी ठरली, सरळ वाट निरुपयोगी, हे मला या पदार्थातलं सगळ्यांत सुंदर सत्य वाटतं.

२०१९ साली इंटेलने बर्कलेच्या गटाबरोबर 'नेचर'मध्ये आराखडा मांडला: बिस्मथ फेराइटसारख्या पदार्थाने लिहायचं, जड धातूंमधल्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिन आणि कक्षेच्या नात्याने वाचायचं, आणि यातून मेमरीबरोबर गणन करणारी सर्किटंही घडवायची. आजच्या प्रगत सिलिकॉन तंत्रापेक्षा उलटण्याची ऊर्जा दहा ते तीसपट कमी, व्होल्टेज पाचपट कमी, असा हिशेब त्यात आहे. त्यासाठी बिस्मथ फेराइटने १०० मिलिव्होल्टला उलटायला हवं.

इथून अडचणी सुरू होतात, आणि त्या किरकोळ नाहीत.

व्होल्टेज कमी करायचं तर थर पातळ करायला हवा. पातळ केला की गळती पुन्हा डोकं वर काढते, आणि थराच्या दोन्ही पृष्ठभागांवरचे भार ध्रुवीकरणाला विरोध करू लागतात. बर्कलेच्या गटाने बिस्मथच्या काही जागी लॅन्थॅनम बसवलं. लॅन्थॅनमकडे ती ढकलणारी इलेक्ट्रॉनांची जोडी नसते, म्हणून ध्रुवीकरण थोडं ढिलं होतं आणि कमी व्होल्टेजला उलटतं. २० नॅनोमीटरच्या अशा थरावर २०० मिलिव्होल्टला चुंबक वळवल्याचं २०२० साली प्रसिद्ध झालं. हे मोठं पाऊल आहे. पण ढकलणारा अणू कमी करत गेलं की ज्या यंत्रणेच्या भरवशावर सगळं उभं आहे तीच पातळ होते. किती लॅन्थॅनम पुरे आणि कुठे थांबायचं, यावर अजून काम चालू आहे.

त्याहून मोठी अडचण थकव्याची. मेमरीचा बिट अब्जावधी वेळा उलटला तरी त्याने कुरकुर करता कामा नये. ऑक्साइड आणि धातू जिथे भेटतात त्या सीमेवर ऑक्सिजन सरकतो, कोबाल्ट-लोह थोडं गंजतं, ध्रुवीकरणाचे काही पट्टे जागीच अडकतात. सुरुवातीच्या उपकरणांत थोड्या फेऱ्यांनंतरच वरचं चुंबक खालच्याचं ऐकेनासं होई. फेरोइलेक्ट्रिक उलटतच असतं, चुंबक मात्र सोबत येत नाही. या सीमेची जाडी एक-दोन अणूंची आहे, आणि सगळा करार तिथेच आहे. मला यातलं सर्वांत काळजीचं ठिकाण हेच वाटतं.

मग दोन टप्प्यांच्या वाटेचाच प्रश्न. ती वाट ताण, जाडी आणि खालच्या स्फटिकाच्या मापाने घडवलेली आहे. उपकरणाचा आकार काही दशक नॅनोमीटरवर आणला, व्होल्टेजचा स्पंद एक नॅनोसेकंदाच्या आत आणला, तर स्फटिक तीच वाट धरेल की घाईत दुसरीकडून जाईल? वाट चुकली की पिंजरे मागे राहतील आणि चुंबक उलटणार नाही.

कारखान्याच्या अटी वेगळ्याच. सिलिकॉनच्या चिपवर तारांचे थर चढल्यानंतर तापमान ४०० अंशांच्या वर नेता येत नाही, आणि बिस्मथ फेराइट उत्तम वाढतं ते सातशेच्या आसपास. डिस्प्रोशियम स्कँडेटचे स्फटिक महाग आणि लहान, कारखान्याला हवी ३०० मिलिमीटरची सिलिकॉनची तबकडी आणि तिच्यावर कडेपासून कडेपर्यंत सारखा थर. प्लूम मात्र मध्यात दाट आणि कडेला विरळ असतो, शिवाय बिस्मथ उडून जाण्याचा स्वभाव तबकडी मोठी झाली म्हणून बदलत नाही. याच काळात हाफ्नियम ऑक्साइड हा फेरोइलेक्ट्रिक पुढे आला. त्याचा हा गुण २०११ साली ड्रेस्डेनच्या गटाने प्रसिद्ध केला, आणि हाफ्नियम ऑक्साइड चिपच्या कारखान्यांत त्याच्या आधीपासूनच वापरात होतं. त्यात चुंबकत्व नाही, पण मेमरी त्याने होते, कमी तापमानाला होते आणि नवं यंत्र आणावं लागत नाही. कंपन्यांचा पैसा तिकडे जाणं स्वाभाविक आहे. मला भीती एवढीच वाटते की बिस्मथ फेराइटच्या सीमेवरचा थकवा समजण्याआधीच लोकांचा धीर संपेल.

वाचण्याची बाजूही अजून लंगडी आहे. चुंबक कोणत्या दिशेला आहे ते प्लॅटिनमसारख्या धातूतून व्होल्टेजच्या रूपात काढता येतं, पण ते व्होल्टेज फार लहान निघतं. एका उपकरणाने पुढच्याला ढकलायचं असेल तर वाचनातून निदान १०० मिलिव्होल्ट यायला हवेत, आणि त्याच्या जवळपासही कुणी पोचलेलं नाही. २०२४ साली स्पेनमधल्या सान सेबास्तियनच्या नॅनोगुने या संस्थेतल्या गटाने, इंटेल आणि फ्रेंच सहकाऱ्यांसोबत, एकाच नॅनो-उपकरणात बिस्मथ फेराइटने लिहिणं आणि प्लॅटिनमने वाचणं असं दोन्ही करून दाखवलं. लिहिणं व्होल्टेजने झालं आणि वाचनही व्होल्टेजमध्येच मिळालं. आता वाचनाचा तो सिग्नल कित्येक पटींनी वाढवायचा आहे, आणि त्यासाठी प्लॅटिनमच्या जागी दुसरे पदार्थ तपासले जात आहेत. त्यातल्या काहींमध्येही बिस्मथ आहे.